अप्पांचा बोलका डबा

घरातल्या यंत्रांविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत बहुतेक तक्रारी मिक्सरच्या, इन्व्हर्टरच्या, नाहीतर मोबाइलच्या असतात. जबलपूरच्या नेपियर टाऊनमधून एका भगिनीचे आलेले पत्र मात्र निराळे आहे. त्यातला प्रश्न आज एका घराचा असला, तरी उद्या तो पुष्कळ घरांना पडू शकेल. म्हणून आजचे सगळे सदर त्या एका पत्रासाठी.

पत्राचा सारांश असा. त्यांचे सासरे शाळेत गणित शिकवीत. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. १९९५ च्या सुमारास काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. दोन वर्षांनी थोरल्या दिरांनी अमेरिकेहून एक डबा आणून दिला. तो संगणकाला जोडला की पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवी. अप्पा त्यावर रोज तासन्‌तास काहीबाही टाइप करीत बसत. गेल्या पावसाळ्यात तो जुना संगणक कायमचा बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने आतल्या फाइली पेनड्राइव्हवर काढून दिल्या. पुढचे त्यांच्याच शब्दांत: "मुलगा म्हणतो, आजोबांच्या फाइली बिघडल्या आहेत, नुसती वेडीवाकडी अक्षरे दिसतात. आता फोनसुद्धा बोलतो, मग हा डबा कशाला? अप्पा मात्र म्हणतात, मला माझाच डबा पाहिजे. आम्हाला तो हट्ट वाटतो. डबा भंगारात घालू की लावून देऊ? आणि लावायचा तर कसा?"

बिघडलेल्या फाइलीचा नमुना म्हणून ताईंनी चार ओळी उतरवूनही पाठवल्या आहेत. त्या ओळींतच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पण आधी डबा म्हणजे काय ते पाहू.

वाचणारा वेगळा, बोलणारा वेगळा

संगणक बोलतो असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तिथे दोघे जण काम करीत असतात. एक असतो वाचणारा. हा म्हणजे एक प्रोग्रॅम, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर काय आहे, कर्सर कुठे आहे, आत्ता कोणते अक्षर दाबले गेले, यावर त्याची नजर असते. त्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे हे तो ठरवतो. दुसरा असतो बोलणारा. वाचणाऱ्याने पाठवलेल्या अक्षरांचा आवाज करणे एवढेच याचे काम. त्याला स्पीच सिंथेसायझर म्हणतात. अप्पांचा डबा म्हणजे हा दुसरा.

बोलणाऱ्यासाठी स्वतंत्र डबा का लागे? त्या काळच्या डॉस संगणकाच्या पोटात जो भोंगा असे, त्यातून 'पीं' एवढाच आवाज निघे. साउंड कार्ड प्रत्येक संगणकात नसे, आणि बोलणे तयार करण्याइतकी ताकद उरलीच तर मूळ काम मंदावे. म्हणून बोलण्याचे सगळे काम बाहेरच्या डब्याकडे दिलेले असे. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःचा स्पीकर. संगणकाने तारेतून अक्षरे पाठवायची, पुढचे डब्याने बघायचे.

डब्यात कोणाचा आवाज टेप करून ठेवलेला नसतो. माणसाचा आवाज म्हणजे गळ्यातली थरथर आणि तोंडाच्या पोकळीतला घुमारा. तंबोऱ्याची तार छेडली की भोपळा घुमतो, तसेच. डबा ही थरथर आणि हा घुमारा गणिताने तयार करतो. या विद्येतले मोठे नाव म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक डेनिस क्लॅट. त्यांच्या कामावरून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८४ मध्ये 'डेकटॉक' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यातला 'परफेक्ट पॉल' हा आवाज क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावरून बेतलेला होता. क्लॅट १९८८ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाची सावली मात्र पुढे कित्येक वर्षे जगभर बोलत राहिली.

वाचणाऱ्या प्रोग्रॅमची गोष्टही अशीच आहे. टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतीत धावणारे अमेरिकन गृहस्थ. १९७८ मध्ये एका मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. विंडोजसाठीचा जॉज १९९५ मध्ये आला. ज्याला गरज होती त्यानेच हत्यार घडवले. पुढे ऑस्ट्रेलियातही तेच झाले. मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे तरुण अंध. त्यांच्यापैकी करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचे काम सुरू केले आणि टेह त्यांना येऊन मिळाले. तो प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो.

हट्ट म्हणावा का?

आता अप्पांच्या 'हट्टा'कडे वळू. आजच्या फोनचा आवाज गोड असतो, माणसासारखा असतो. मग तो का नको?

डोळस माणसाला आवाजाचा गोडवा महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला दोन वाक्येच ऐकायची असतात. ज्याला दिवसभर कानांनी वाचायचे आहे, त्याचा हिशेब निराळा. मोठ्याने वाचणारा माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द वाचतो. सराव झालेला अंध वाचक डब्याचा वेग वाढवत वाढवत तीनशे-चारशे शब्दांवर नेतो. नवख्याला ती नुसती किरकिर वाटते. त्याला मात्र एकेक स्वल्पविराम कळतो. पुष्कळ जणांचा अनुभव असा, की या वेगाला गोड आवाज एकमेकांत मिसळून जातात, आणि जुन्या डब्याचा कोरडा, यंत्रासारखा आवाज स्वच्छ राहतो. एकच अक्षर दर वेळी अगदी तसेच उच्चारले जाते, त्यामुळे कान त्याला सरावतो. शिवाय कळ दाबताक्षणी आवाज यावा आणि गप्प म्हटल्याक्षणी थांबावा, हेही जुने डबे चोख करीत.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. त्यांच्या खुर्चीवरच्या बोलणाऱ्या यंत्राचा आवाजही क्लॅट यांच्याच संशोधनातून आलेला. पुढे कितीतरी चांगले आवाज निघाले, पण हॉकिंग यांनी आपला आवाज बदलला नाही. जुने यंत्र दमत चालले, तेव्हा अभियंत्यांनी खटपट करून तोच आवाज एका तळहाताएवढ्या नव्या संगणकावर उतरवला. २०१८ मध्ये, त्यांच्या अखेरच्या दिवसांत, तो त्यांना मिळाला. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने आवाज बदलला नाही, तर आपण त्याला निष्ठा म्हणतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तेच केले, की आपण हट्ट म्हणतो!

पुण्याचा मुलगा आणि बोलका संगणक

अशा डब्याच्या जोरावर एका मराठी मुलखातल्या मुलाने काय केले, तेही सांगायला हवे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, बालपण पुण्यात. अप्पांप्रमाणे त्यांनाही काचबिंदू. वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. तरीही पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून त्यांनी गणितात पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण घेतले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले.

गणित कानाने ऐकणे ही फार अवघड गोष्ट. 'अ अधिक ब भागिले क' असे नुसते ऐकले, तर भागाकार सगळ्याचा की शेवटच्या अक्षराचा, हे कळायचे कसे? गणित शिकवलेल्या अप्पांना या अडचणीचे मर्म लगेच कळेल. रामन यांनी प्रबंधासाठी अशी प्रणाली तयार केली, की आवाजाची पट्टी आणि चाल बदलून समीकरणाची मांडणीच कानाला कळावी. तिचे नाव त्यांनी 'ॲस्टर' ठेवले. त्यांना वाट दाखवणाऱ्या लॅब्रडॉर कुत्रीचेही नाव तेच. १९९४ च्या या प्रबंधाला संगणकशास्त्रातील उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी 'ईमॅकस्पीक' या प्रोग्रॅमचे काम हाती घेतले. त्यांच्या लॅपटॉपला तेव्हा जोडलेला होता एक डबा: डेकटॉक एक्स्प्रेस, म्हणजे अप्पांच्या डब्याचा सख्खा नाहीतर चुलत भाऊ. पुढे २००५ पासून ते गूगलमध्ये काम करू लागले. पुण्याहून निघालेला हा प्रवास सांगायचा हेतू एवढाच, की हा डबा म्हणजे खेळणे नव्हे. तो त्या माणसांची पाटी-पेन्सिल होता.

फाइली बिघडलेल्या नाहीत

आता त्या चार ओळी. ताई, तुम्ही उतरवलेली पहिली अक्षरे अशी आहेत: ए-ए-एच, मग आडवी रेघ, मग दोन वेळा ई. डोळ्यांना हे निरर्थक दिसते. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या तोंडून ते मोठ्याने ऐका: 'आ-ई'. पुढच्या ओळीत एन-ए-एच-जी, आडवी रेघ, पी-ओ-ओ-आर. मोठ्याने वाचले की झाले 'नाग-पूर'.

फाइली बिघडलेल्या नाहीत. त्या मराठीत आहेत!

अप्पांच्या डब्याला इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती. 'आई' हा शब्द आपण नेहमी ज्या रोमन अक्षरांत लिहितो, तसा लिहिला तर डबा अडखळणार किंवा भलताच उच्चार करणार. तेव्हा अप्पांनी डब्याचा कान ओळखला. कोणती अक्षरे टाकली की डबा मराठीसारखे बोलतो, हे एकेका शब्दासाठी शोधून काढले आणि त्या स्पेलिंगांत ते लिहीत राहिले. ती लिपी त्यांनी स्वतःसाठी बनवली आहे. तुमच्या चिरंजीवांच्या डोळ्यांना ती कळत नाही, कारण ती डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाही. आणि आजचा गोड आवाज ती वाचू लागला तर पुष्कळ ठिकाणी चुकेल, कारण त्याचे उच्चाराचे नियम निराळे आहेत.

म्हणजे डबा भंगारात गेला, तर अप्पांनी इतकी वर्षे लिहिलेले सगळे त्यांच्यापुरते मुके होईल. 'मला माझाच डबा पाहिजे' याचा अर्थ हा असावा. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: डबा लावून द्या.

जोडणीपूर्वीची तपासणी

सर्वांत आधी विजेची गोष्ट. डबा अमेरिकेचा आहे. तिथला घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा. डब्यासोबतचा ॲडॉप्टर फक्त ११० किंवा १२० व्होल्टचा असेल, तर तो थेट आपल्या प्लगमध्ये घालू नका. आधी त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचा. पूर्वी मध्ये एखादा जड ट्रान्स्फॉर्मर लावलेला असेल, तो जुन्या सामानात शोधा. ॲडॉप्टर नवा घ्यायचा, तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या आतली-बाहेरची बाजू, अर्थात अधिक-उणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. काही डब्यांत आत बॅटरी असते. ती फुगली असेल किंवा पाझरली असेल, तर विद्युत वस्तू दुरुस्त करणाऱ्याकडून आधी काढून घ्या.

मग डबा एकटाच, संगणकाशिवाय, चालू करून पाहा. आवाजाची चकती मध्यावर ठेवा. पुष्कळ डबे चालू होताच स्वतःहून एखादे वाक्य बोलतात. तसे बोलला तर डबा जिवंत आहे, पुढचा दोष तारेत किंवा संगणकात शोधायचा. गप्प राहिला तर हेडफोन लावून पाहा. कधी कधी फक्त स्पीकर गेलेला असतो.

डब्याचे नाव तुम्ही पत्रात कळवलेले नाही. डेकटॉक एक्स्प्रेस, डबलटॉक एलटी, लाइटटॉक, ॲक्सेंट, अपोलो, यांपैकी काही लिहिलेले आहे का ते पाहा, कारण पुढची सोय नावावर अवलंबून आहे.

तार आणि तिचे नियम

असे डबे बहुधा सीरियल पोर्टला जोडले जात. पोर्ट म्हणजे संगणकाच्या पाठीमागचे नऊ टाचण्यांचे खोचण. आजच्या लॅपटॉपला ते नसते. त्यासाठी यूएसबी ते सीरियल अशी छोटी जोडतार मिळते. जबलपुरात जयंती कॉम्प्लेक्समधल्या संगणकाच्या दुकानांत विचारा. डब्याची मूळ तार मात्र जपून ठेवा. दिसायला सारख्या असलेल्या दोन तारांची आतली जोडणी वेगळी असू शकते.

डबा आणि संगणक यांचे एकमेकांशी बोलण्याचे नियम ठरलेले असतात, आणि दोन्हीकडे ते सारखेच हवेत. पुष्कळ डब्यांना वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हे चालते. वेग जुळला नाही तर डबा गप्प बसतो किंवा असंबद्ध बडबडतो. दुसरी एक खूण लक्षात ठेवा. छोटी वाक्ये नीट येतात, पण लांब परिच्छेदात मधले शब्द गळतात, असे झाले तर दोष बहुधा तारेचा किंवा मांडणीचा. डब्याची साठवण भरली की तो संगणकाला 'जरा थांब' अशी खूण करतो. ती खूण पोहोचली नाही, तर संगणक अक्षरे ओततच राहतो आणि ती सांडून जातात.

आता वाचणारा प्रोग्रॅम. आजच्या विंडोजवर एनव्हीडीए उत्तम चालतो, पण जुन्या डब्यांशी बोलण्याची सोय त्यात मुळात नाही. काही डब्यांसाठी जोड-प्रोग्रॅम मिळतात, सगळ्यांसाठी नाही. याहून खात्रीचा रस्ता लिनक्सचा. लिनक्समध्ये 'स्पीकअप' नावाचा स्क्रीन रीडर आहे. तो खास अशा डब्यांसाठीच लिहिला गेला, आणि वर सांगितलेली सगळी नावे त्याला ठाऊक आहेत. २०२० पासून तर तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यातच पक्का झाला आहे. माझा सल्ला असा: सीरियल पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप मिळवा, त्यावर लिनक्स आणि स्पीकअप टाकून घ्या, आणि तो संगणक फक्त अप्पांच्या लेखनासाठी ठेवा. कॉलेजात संगणक शिकणारा एखादा मुलगा हे एका दुपारी करून देईल. संगणक चालू झाला की स्पीकअप आपोआप सुरू व्हायला हवा, एवढे त्याला बजावून सांगा. वीज जाऊन आली की दर वेळी अप्पांना कोणाला तरी हाक मारावी लागता कामा नये.

पेनड्राइव्हवरच्या फाइलींच्या आणखी दोन प्रती आजच करून ठेवा. कपाटात जुन्या फ्लॉपी असतील तर त्याही लवकर उतरवून घ्या. फ्लॉपीवरचा मजकूर कालांतराने पुसट होत जातो.

नव्या कामासाठी नवा आवाज

जुने लेखन डब्यावर ऐकायचे याचा अर्थ नवे काही घेऊच नये, असा नाही. अप्पांना जे १९९७ मध्ये मिळाले नाही ते आता मिळते: मराठी बोलणारा आवाज. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्यात मराठी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, आणि गूगलचा मराठी आवाजही मिळतो.

जबलपूरच्या मराठी घरात एक अडचण हमखास येईल. फोन हिंदीवर लावलेला असतो. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे नुसती अक्षरे पाहून यंत्राला भाषा ओळखणे सोपे नसते. हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागला, की ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' होतात, 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' एकच होतो, आणि 'ळ' तर बिचारा कुठल्या कुठे जातो. म्हणून मराठी आवाज वेगळा निवडून द्या, आणि हिंदी-मराठी बदलण्याची खूण अप्पांना शिकवून ठेवा.

दुसरी अडचण फॉन्टची. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंगसाठी 'कृतिदेव' फॉन्ट वर्षानुवर्षे वापरला गेला. त्यात पडद्यावर 'मराठी' असे दिसते, पण आत साठवलेली अक्षरे असतात ई, जे, के, बी, एच. आपल्या डोळ्यांना फॉन्टचा मुखवटा दिसतो. स्क्रीन रीडरला मुखवट्यामागची अक्षरे दिसतात आणि तो तीच वाचतो. गंमत पाहा, अप्पांच्या फाइलींच्या हे अगदी उलट आहे. त्या फाइली डोळ्यांना निरर्थक आणि कानाला मराठी. ही कागदपत्रे डोळ्यांना मराठी आणि कानाला निरर्थक. उपाय एकच: अप्पांना जे पाठवायचे ते युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. नातेवाइकांनाही सांगा, की सुप्रभातची चित्रे आणि पत्रिकांचे फोटो पाठवू नका. लग्न कोणाचे, कुठे आणि किती तारखेला, हे दोन ओळींत टाइप करा. फोटोतला मजकूर वाचणारे प्रोग्रॅम आता निघाले आहेत, पण टाइप केलेल्या ओळीची सर त्यांना नाही.

हात अप्पांचाच हवा

या सगळ्या खटाटोपात एक विचित्र पेच आहे. डबा बोलू लागला की अप्पा स्वतंत्र होतात. पण तो बोलू लागेपर्यंत मात्र त्यांना दुसऱ्याचे डोळे लागतात. पुष्कळ घरांत चूक नेमकी इथे होते. तरुण मंडळी भराभर सगळे जोडून देतात, 'झाले बघा' म्हणतात आणि निघून जातात. आठ दिवसांनी एखादी तार सैल होते, आणि म्हातारा माणूस पुन्हा दुसऱ्याची वाट पाहत बसतो.

म्हणून डबा लावताना अप्पांना शेजारी बसवा. प्रत्येक तार त्यांच्या हातात द्या, खोचण त्यांच्या बोटांना दाखवा आणि तार त्यांनाच बसवू द्या. डब्याच्या तारेला एक रबर बँड बांधा, विजेच्या तारेला दोन. आवाजाच्या चकतीवर नेहमीच्या जागी नेलपॉलिशचा एक जाड थेंब द्या, वाळल्यावर तो बोटाला लागतो. एकदा ठरलेली जागा झाडलोट करताना बदलू नका. त्यांच्या हातातून कीबोर्ड काढून घेऊन 'थांबा, मी करतो' म्हणू नका. त्यांना पाच मिनिटे जास्त लागतील, लागू द्या.

आणखी एक गोष्ट, जी ताईंनी विचारलेली नाही. या फाइलींत काय आहे हे आता घरात सगळ्यांना जाणून घ्यावेसे वाटेल. साहजिक आहे. पण डबा सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलतो. कदाचित त्या फाइलींत हिशेब असतील, कदाचित आठवणी असतील, कदाचित असे काही असेल जे अप्पांनी डोळे गेल्यावर दुसऱ्या कोणाला लिहायला सांगता येत नव्हते म्हणूनच डब्याला सांगितले. ज्या माणसाचे प्रत्येक पत्र, बँकेचा प्रत्येक कागद दुसरे कोणीतरी मोठ्याने वाचते, त्याला खाजगी असे फार थोडे उरते. ती वही त्यांची आहे. तेव्हा डबा बोलू लागला की पहिल्यांदा हेडफोन त्यांच्या कानाला लावा आणि खोलीबाहेर या.

नंतर त्यांची इच्छा असेल, तर एक सुंदर काम घरात करता येईल. अप्पांनी निवडलेली फाइल डब्यावर लावायची, नातवाने ऐकून ती देवनागरीत टाइप करायची, आणि अडलेला शब्द आजोबांना विचारायचा. डब्याच्या हेडफोनच्या खाचेतून आवाज टेपही करून ठेवता येतो. यंत्र कितीही जपले तरी एक दिवस थकणारच. त्याच्या आधी त्याचे बोलणे कागदावर आलेले बरे. या निमित्ताने नातवाला हेही कळेल, की आजोबांनी अंधारात बसून एक आख्खी लिपी बनवली होती.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी फाइलींच्या प्रती, मग विजेची खात्री, मग डबा एकटा चालवून पाहणे, मग तार, मग लिनक्स आणि स्पीकअप. नवा फोन आणि मराठी आवाज त्यानंतर, सवडीने, अप्पांना हवा असेल तेव्हा. तो शिकवायला बसाल तेव्हा पहिला धडा बोलण्याचा देऊ नका, गप्प करण्याचा द्या. यंत्र हवे तेव्हा थांबवता येते हे एकदा हाताला कळले, की त्याची भीती जाते. विंडोजवर जॉज असो की एनव्हीडीए, त्यासाठी कंट्रोलची कळ दाबायची. कीबोर्डच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात ती असते, आणि बोटाला सहज सापडते.